सहा खुर्च्या आणि बाकीची मिळकत

मी, या कागदाच्या शेवटी जिची सही आहे ती, वय ऐंशीला टेकलेले, धंदा आयुष्यभर घर सांभाळणे, आज पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दबावाखाली न येता आणि कुणाच्या फळांच्या करंडीला न भुलता, माझ्या मागे माझ्या मिळकतीचे काय करायचे ते लिहून ठेवते. याआधी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. माझे दीर गावभर सांगत असतात की वहिनींनी सगळे क्लबला लिहून दिले आहे. ते खोटे आहे.

माझे डोके ठिकाणावर असल्याची डॉक्टरांनी खात्री करून घेतली. आज वार कोणता, असे त्यांनी विचारले. मी सांगितला. मग मी त्यांना विचारले की तुमच्या दवाखान्यातले घड्याळ गेल्या वर्षापासून बंद का आहे. त्यांनी लगेच दाखला लिहून दिला.

वकील म्हणतो, "बाई, मृत्युपत्रात कारणं लिहायची नसतात. कुणाला काय, एवढं लिहिलं की झालं." मी म्हटले, कारणे मी लिहिली नाहीत तर माझे दीर स्वतःची लिहितील, आणि त्यांचे अक्षर चांगले आहे. तेव्हापासून तो मुकाट्याने टाइप करतो आहे. ज्याला वाचायचा कंटाळा येईल त्याने शेवटची सही बघून घरी जावे.

कलम १. घर. राहते घर, मागचे अंगण आणि अंगणातली विहीर ही माझ्या वडिलांनी माझ्या नावावर केलेली मिळकत आहे. माझ्या दिवंगत पतींचा त्यात एक खिळासुद्धा नाही, कारण खिळा मारायला ते कधी उठलेच नाहीत. हे घर विकून येणाऱ्या पैशांतून माझ्या पतींच्या नावाची शिष्यवृत्ती काढावी, अशी माझ्या दिरांची इच्छा आहे. त्यांनी त्यासाठी पितळी पाटीही करून घेतली आहे. मी अजून जिवंत आहे आणि पाटीला पॉलिश झालेले आहे. ती पाटी त्यांनी स्वतःच्या दाराला लावावी. घर कुणाला द्यायचे ते कलम ६ मध्ये येईल. ते समजायला आधी खुर्च्यांची गोष्ट वाचावी लागेल. हे सगळे मला आजच उरकायचे आहे. उद्या सकाळी क्लबची समिती एका मुलीच्या घरी जाणार आहे, आणि समितीचा पाय त्या घराच्या पायरीला लागण्याआधी माझी सही वाळलेली हवी.

कलम २. क्लबविषयी. क्लबला माझ्या मिळकतीतून काय द्यायचे हे ठरवण्याआधी क्लब काय आहे ते सांगते. आमच्या गावात एक सेवा क्लब आहे. सभासद कोटाला बिल्ला लावतात, पंधरवड्याला एकत्र जेवतात, आणि वर्षातून एकदा, शाळेची शेवटची परीक्षा पास होऊन बाहेर पडणाऱ्या एका हुशार आणि गरजू मुलाला पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देतात. हुशार कोण, ते शाळा ठरवते. गरजू कोण, ते क्लब ठरवतो. त्यासाठी समिती मुलाच्या घरी जाते. याला ते घरभेट म्हणतात. घरभेटीत फ्रिज असेल तर उघडून बघतात, गादी दाबून बघतात, पडदे कोणत्या कापडाचे आहेत ते बघतात. मुलाचे आईबाप भिंतीला टेकून उभे असतात. मग समिती बाहेर येऊन गाडीत बसते आणि एकमेकांना विचारते, "काय वाटतं?"

ज्याच्याबद्दल बरे वाटते त्याला स्टेजवर बोलावतात. तिथे तो आभाराचे भाषण करतो. हे भाषण क्लबचा सेक्रेटरी आधीच लिहून देतो आणि शेवटच्या फेरीत पोचलेल्या सगळ्या मुलांना ते पाठ करायला लावतो, म्हणजे आयत्या वेळी कुणी अडखळू नये. पुढे जी गोष्ट सांगणार आहे त्या काळी सेक्रेटरी माझे दीर होते. आता ते अध्यक्ष आहेत, पण भाषण तेच आहे. "माझ्या अंधाऱ्या वाटेवर आपण दिवा धरलात" असे त्यात एक वाक्य आहे. आजवर किती मुलांच्या वाटा त्यांनी अंधाऱ्या करून घेतल्या त्याचा हिशोब त्यांच्याकडेच असेल.

कलम ३. माळ्यावरचा चेक. स्टेजवर मुलाच्या हातात दारापेक्षा थोडा लहान असा पुठ्ठ्याचा चेक देतात, फोटोसाठी. फोटो झाला की परत घेतात. नावाच्या जागी दर वर्षी नवा कागद चिकटवतात. ही काटकसरीची कल्पना माझ्या पतींची, तेव्हा ते क्लबचे अध्यक्ष होते. म्हणून तो चेक आमच्या माळ्यावर असतो आणि दर वर्षी त्याच्यावरची धूळ मी पुसते. हा चेक मी दिरांना देते. पावसाळ्यात त्यांच्या गॅरेजमध्ये गळते तिथे तो चांगला बसेल.

कलम ४. खुर्च्या कशा गेल्या आणि कशा आल्या. जेवणाच्या टेबलाच्या सहा खुर्च्या माझ्या वडिलांनी माझ्या लग्नात करवून दिल्या. काळे लाकूड, वेताची बैठक, पाठीवर एक पान कोरलेले. टेबलाच्या टोकाची खुर्ची हातांची आहे. ती साहेबांची, म्हणजे माझ्या पतींची. तिच्या उजव्या हातावर त्यांच्याच सिगारेटचा डाग आहे. रोज दोन वेळा ते तिच्यावर बसून जेवत. त्यांची नोकरी विमा कंपनीत, लोकांच्या घरातल्या सामानाची किंमत ठरवायची. जळक्या कपाटाच्या एका फळीवरून कपाट ओळखतो, अशी त्यांची शेखी होती.

आमच्या मागच्या गल्लीत एक इस्त्रीवाली राहायची. एक खोली, पुढे पडवी, पडवीत इस्त्रीचे टेबल. तिची मुलगी उंच, किडकिडीत आणि केसांत कायम पेन्सिल खोवलेली, म्हणून सगळी गल्ली तिला पेन्सिल म्हणायची. शाळेत पहिली आली. शाळेने तिचे नाव क्लबला कळवले. घरभेटीच्या आदल्या दिवशी इस्त्रीवाली माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"वहिनी, मोठी माणसं येणार उद्या. माझ्याकडे एक स्टूल आहे, त्याचापण पाय हलतो. त्यांना काय उभं ठेवू?"

मी म्हटले, "सगळ्या घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी साहेब कचेरीत गेल्यावर दोघी मायलेकींनी सहाही खुर्च्या डोक्यावरून नेल्या. पेन्सिलने वाटेत एकदाही कुठे टेकवल्या नाहीत. तिच्या आईने खोली धुतली, पडवीला चुना लावला, कुणाचे तरी चांगले कप मागून आणले. पाहुणा घरी येतो तेव्हा माणूस जे करतो ते तिने केले.

संध्याकाळी साहेब घरी आले. फार खुशीत होते.

"आज वाचलो बघ," म्हणाले. "आपली फसवणूक होता होता राहिली. इस्त्रीवालीकडे गेलो होतो. अगं, आपल्याकडेही नाहीत असल्या खुर्च्या! वेताच्या, कोरीव कामाच्या. मी तर हाताच्या खुर्चीवर बसलो, उठवेना. म्हटलं, ज्यांच्या घरी हे असलं सामान, ते गरजू कसले? काट मारली."

मी पोळपाटावरून मान वर केली. म्हटले, "हात धुऊन बसा. जेवायला वाढते."

ते टेबलापाशी गेले. टेबल होते, खुर्च्या नव्हत्या. "खुर्च्या कुठे गेल्या?" म्हणाले. तेवढ्यात मागचे दार वाजले. पेन्सिल आत आली, डोक्यावर हाताची खुर्ची. तिने ती उतरवली, फडक्याने पुसली, टेबलाच्या टोकाशी तिच्या जागेवर सरकवली. मग तिने वर बघितले आणि दुपारी त्याच खुर्चीवर बसलेला माणूस तिला दिसला. दोघांनीही एकमेकांना ओळखले. खुर्ची मात्र साहेबांनी तेव्हा कुठे ओळखली. डागावर अंगठा ठेवून उभे राहिले.

"ठेव तिकडे," एवढेच म्हणाले. ती तर ठेवून झाली होती.

मुलगी गेल्यावर मी म्हटले, "उद्या सकाळी समितीला सांगा."

"काय सांगू? स्वतःची खुर्ची ओळखू आली नाही म्हणून सांगू? मी? हसतील सगळे!"

मी म्हटले, "हसू देत की."

"तुला काही कळत नाही," असे म्हणून ते बसले आणि जेवले. पोटभर जेवले, हे मला आजही आठवते. माझा मात्र राग त्या रात्री पोटात मावेना.

म्हणून पंधरवड्याच्या जेवणाला मीच क्लबच्या हॉलमध्ये गेले. तिथे बायकांनी बक्षीस समारंभालाच जायचे असते. मी सरळ टेबलापाशी जाऊन सांगितले की त्या खुर्च्या माझ्या, मी दिल्या, आणि तुमच्या अध्यक्षांचे बूड त्यांतल्या एकीवर रोज दोन वेळा असते. कुणीतरी हसले. साहेब पाण्याचा ग्लास बघत बसले. माझे दीर उभे राहिले आणि गोड आवाजात म्हणाले, "वहिनी, म्हणजे हे तर आणखीच वाईट. उसनं सामान आणून समितीची दिशाभूल केली! गरीब असेल, पण प्रामाणिक नको का?"

म्हणजे आधी ती श्रीमंत होती म्हणून गेली, आणि गरीब ठरली तेव्हा लबाड म्हणून गेली. त्या वर्षी शिष्यवृत्ती कंत्राटदाराच्या मुलाला मिळाली. कंत्राटदाराने घरभेटीच्या दिवशी टीव्ही, सोफा आणि मोटार मेव्हण्याकडे पाठवली होती आणि समितीला सतरंजीवर बसवले होते. समिती फार हेलावली. चेक धरून फोटो काढताना मुलाच्या मनगटावरचे घड्याळ चमकले, ते पुठ्ठ्यामागे लपवायला त्याला माझ्या दिरांनीच सांगितले.

पेन्सिलला इंजिनिअर व्हायचे होते. ती चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. अजून तिथेच आहे. हा कागद मी ज्या चष्म्यातून वाचते आहे तो तिने बसवून दिलेला आहे आणि तो नाकावरून घसरत नाही. आई गेली, लग्न झाले, नवरा परगावी बसवर ड्रायव्हर आहे, आणि एक मुलगी आहे, बुटकी, गोल, बोलताना समोरच्याच्या चुका पुसत जाणारी. पेन्सिलची मुलगी म्हणून गल्लीने तिला खोडरबर नाव दिले. ही खोडरबर या वर्षी शाळेत पहिली आली. शाळेने नाव क्लबला कळवले. क्लबचे अध्यक्ष आता माझे दीर.

गेल्या आठवड्यात पेन्सिल माझ्याकडे आली. तिच्या घरी आता स्वतःच्या चार खुर्च्या आहेत, हप्त्यांनी घेतलेल्या. दारातच उभी राहून म्हणाली, "काकू, या वेळी खुर्च्या ठेवू की काढू?"

मी तिला आत घेतले. ती हसली आणि म्हणाली, "भाषणाची काळजी नाही हां. ते येतं मला अजून." आणि माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून, हात मागे बांधून, तिने ते म्हणून दाखवले. सन्माननीय अध्यक्ष महाशयांपासून दिव्यापर्यंत, एकही शब्द न चुकता. सुरुवातीला आम्ही दोघी हसत होतो. दिव्याच्या वाक्याला तिचा आवाज बसला. इतकी वर्षे ते तिच्या डोक्यात पडून होते, कुणासमोर म्हणायला मिळाले नव्हते. मी ओट्याला धरून उभी होते आणि माझ्या मेलेल्या नवऱ्याचा मला इतका राग आला की तो जिवंत असता तर जेवला नसता.

कलम ५. क्लबला. क्लबला माझ्याकडून काहीतरी मिळावे असे माझ्या दिरांना फार वाटते, म्हणून मी क्लबला साहेबांची हाताची खुर्ची, डागासकट, देते. अट अशी : यापुढे प्रत्येक घरभेटीला समितीने ही खुर्ची स्वतः उचलून न्यावी, अध्यक्षांनी तिच्यावर बसावे आणि उठताना परत घेऊन जावी. म्हणजे कुणाला उसनी आणायला नको आणि अध्यक्षांना ओळखायला त्रास नको.

कलम ६. घर, पुन्हा. खोडरबरची पहिल्या वर्षाची फी मी कॉलेजात भरून टाकली आहे. पोरीने शिकायला मी मरायची वाट बघावी हे मला मान्य नाही. पुढच्या वर्षांसाठी आणि तिच्या नंतरच्या आयुष्यासाठी घर, अंगण, विहीर, बँकेतली ठेव आणि उरलेल्या पाच खुर्च्या यांची सोय या कलमात आहे.

हे कलम आत्ता, आम्ही सगळे टेबलाभोवती असताना बदलले आहे. ते का, तेही लिहिते. मूळ मसुद्यात मी हे सगळे पेन्सिलला दिले होते आणि तिला सांगितले नव्हते. आज तिला फक्त चष्मा घट्ट करायला म्हणून बोलावले. वकिलाने वाचायला सुरुवात केली तशी तिने माझा चष्मा टेबलावर ठेवला.

"नाही काकू," ती म्हणाली. "मला नको."

"का नको? क्लब नाही हा. फोटो नाही, स्टेज नाही."

"तुम्ही चांगल्या आहात, म्हणूनच नको. वाईट माणसाचे आभार तोंडदेखले मानता येतात. तुमचे खरे मानावे लागतील, रोज, मनातल्या मनात. मला आता कुणाचेच नाही मानायचे."

"कोण मागतंय आभार?"

"कुणी मागत नाही. तरी द्यावे लागतात."

वकील मध्येच पचकला. म्हणाला, "वेळ निघून चाललाय. दोन साक्षीदार लागतात, डॉक्टर एक झाले. आणि लक्षात ठेवा, जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला या कागदातून काही मिळत नाही."

पेन्सिलने केसांत हात घातला. पेन्सिल नव्हती. तिने वकिलाच्या खिशातले पेन काढून घेतले. "मग साक्षीदार मीच," म्हणाली. "कुठे करू सही?"

असा हट्ट मी आयुष्यात फार थोड्या लोकांत पाहिला आहे, आणि क्लबात तर एकातही नाही. मला तिचा राग आला आणि अभिमानही वाटला. मी वकिलाला विचारले, "साक्षीदाराला मिळत नाही. साक्षीदाराच्या मुलीला?"

"मुलीला मिळतं," वकील म्हणाला.

"मग खोड ते नाव आणि मुलीचं घाल."

"फसवलंत काकू," पेन्सिल म्हणाली.

"तू आपण होऊन साक्षीदार झालीस. मी काय केलं?"

तिने खोडलेले आपले नाव बघितले. मग म्हणाली, "ती पण मानेल आभार. चांगली मुलगी आहे."

मी म्हटले, "मानू दे. तिला भाषण पाठ नाहीये. ती आपल्या शब्दांत मानेल नाहीतर विसरून जाईल, दोन्ही चालेल."

सबब वरील सर्व मिळकत मी खोडरबरला देते. अट कसलीही नाही. तिने इंजिनिअर व्हावे असेही नाही. कुणी तिच्या घरी येऊन तिने पैशांचे काय केले ते बघू नये.

कलम ७. माझ्या मागे. माझ्या अंत्यविधीला क्लबच्या सभासदांनी यायचे तर बिल्ला काढून यावे. कुणीही भाषण करू नये. दिरांना फारच उमाळा आला तर त्यांनी विहिरीत तोंड घालून करावे. माझ्याशेजारी साहेबांचा फोटो लावू नये; पुष्कळ वर्षे शेजारी बसलो. डॉक्टरांना आणि वकिलाला चहा द्यावा.

हाताने केलेली दुरुस्ती. सही करायला पेन्सिल उभ्यानेच वाकली होती. मी म्हटले, बस की. ती इकडेतिकडे बघायला लागली. त्या दिवशी आमच्या सहाही खुर्च्या तिने डोक्यावरून नेल्या आणि आणल्या, पण मी आठवून बघितले, त्यांतल्या एकीवरही ती कधी बसलेली नाही. क्लब बसला तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती. तिने टेबलाच्या टोकाची हाताची खुर्ची मागे ओढली, बसली, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. डागावर तिचा तळवा आला. मग तिने सही केली.

"मग उद्याचं काय, काकू?" तिने विचारले. "उद्या सकाळी ते येणारच आहेत."

त्यावरून मी माझ्या हाताने लिहिते की कलम ५ रद्द. ही खुर्ची क्लबला द्यायची नाही, ती बाकीच्या पाचांबरोबर राहील. क्लबने घरभेटीला उभे राहावे.

लिहून देणार : (सही)

साक्षीदार :
१. डॉक्टर (सही)
२. पेन्सिल, चष्म्याच्या दुकानात नोकरी (सही, बसून)

स्थळ : माझे जेवणाचे टेबल.
दिनांक : घरभेटीचा आदला दिवस. आकड्यांतली तारीख वकिलाने वर शिक्क्यात घातली आहे, ती बरोबर आहे. मी चष्मा लावून बघितली.